सेमिनरीला सगळ्यांनी जायचं की त्यांनी एकट्यानेच?

नवऱ्याने पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, व्हायचं ठरवलं की घरात पहिला वाद हाच. सेमिनरी म्हणजे पाळकांचं कॉलेज, आणि तिथली बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही पदवी काही दोन-तीन महिन्यांचा कोर्स नाही, काही वर्षं जातात त्यात, आणि आमच्यासारख्या नगरकडच्या लोकांना पुण्यात बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी (1983 ला यवतमाळहून इकडे आली ती) त्यातल्या त्यात जवळ, तीनेक तासांची एसटी.

ते एकटे गेले तर बाईची नोकरी टिकते, पोरांची मराठी शाळा सुटत नाही, सासूबाईंकडे बघायला माणूस राहतं. पण मग ताप आला, गॅस संपला, फी भरायची, सगळं एकटीवर, आणि रविवारी चर्चमध्ये जो तो विचारतो "पाळक कधी होणार", जसं काही मीच परीक्षा देतेय 😅 शिवाय माणूस सुट्टीत येतो तो ग्रीक-हिब्रूच्या वह्या घेऊनच.

सोबत गेलं तर पगार बंद, जागा छोटी, वाणसामान मोजून. पण शेजारी नागालँडची, केरळची कुटुंबं, पोरं महिन्यात हिंदी-इंग्रजी मिक्स बोलायला लागतात. आणि मुख्य म्हणजे नवऱ्याच्या डोक्यात काय बदलतंय ते रोज जेवताना कळतं, फोनवर नाही कळत हो ते.

माझं मत? पोरं दहावीच्या आत असतील तर सरळ बिऱ्हाड हलवा. दहावी-बारावीला असतील तर मात्र नकोच, एसटीचा पास काढा.