शनिवारची रात्र: चिठ्ठी, नाणं, फासा की मोबाइलचं चाक?

शनिवारी रात्री साडेनऊला आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या घरात जेवणं आटोपलेली असतात, ओटा पुसून झालेला असतो आणि टीव्हीसमोर आम्ही चौघं बसलेलो असतो. पुढचा पाऊण तास रिमोट या हातातून त्या हातात फिरतो. एका सिनेमावर लेक म्हणते, "हा मी पाहिलाय." दुसऱ्यावर नवरा म्हणतो, "फार रडका दिसतोय." मग सासूबाई "तुमचं ठरलं की हाक मारा" म्हणत आत जातात आणि आम्ही आधी दोनदा पाहिलेलं काहीतरी लावून अर्ध्यातच पेंगायला लागतो.

गेल्या दिवाळीपासून हा प्रकार आम्ही नशिबावर सोपवला. नाणं, फासे, हाऊजीच्या सोंगट्या, मोबाइलवरचं फिरतं चाक आणि साध्या चिठ्ठ्या, सगळं वापरून झालं. तुमच्याकडेही असाच घोळ असेल तर कुठे काय चालतं ते सांगते. बघणारे किती आणि सिनेमे किती, यावर बरंचसं ठरतं.

दोघंच असाल आणि दोनच सिनेमे उरले असतील तर छापा-काटा. दुसरं काही काढूच नका. त्यातही एक गंमत आहे. २०२३ मध्ये काही संशोधकांनी मिळून ३,५०,७५७ वेळा नाणं उडवून पाहिलं. उडवताना जी बाजू वर होती तीच वर येण्याचं प्रमाण ५०.८ टक्के निघालं. सिनेमासाठी एवढा फरक कोण मोजतो, पण घरात कुणी काटेकोर असेल तर नाणं मुठीत झाकूनच अंगठ्यावर ठेवा. नाण्याची खरी अडचण वेगळी आहे. आमचे हे हरले की लगेच म्हणतात, "तीनातून दोन!" आता मी वाद घालत नाही. "तीनातून दोन" म्हणाले की त्यांना काय बघायचंय ते कळतं, आणि मला फारसा फरक पडत नसेल तर तेच लावते.

फाशात आम्ही एकदा चांगलेच फसलो. अकरा सिनेमांची यादी होती. ह्यांनीच सुचवलं की दोन फासे टाकू, बेरीज दोन ते बारा, म्हणजे बरोबर अकरा. यादीही त्यांनीच लिहिली. स्वतःचा सिनेमा सातव्या क्रमांकावर आणि माझा बाराव्या. पहिल्याच फटक्यात सात पडले तेव्हा लेकीने वही ओढून घेतली. दोन फाशांच्या ३६ जोड्या होतात, त्यांतल्या सहांची बेरीज सात येते आणि बाराची फक्त एकच. सव्वीस वर्षं अंबडच्या कारखान्यात क्वालिटी बघणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

बेरीज टाळली तर फासे उत्तम. बारा सिनेमे असतील तर एक नाणं आणि एक फासा घ्या. छापा आला तर पहिले सहा, काटा आला तर पुढचे सहा, मग फासा. छत्तीस असतील तर सहाच्या सहा ओळी लिहा. लाल फाशाने ओळ धरायची, पांढऱ्याने रकाना. सगळ्यांना सारखीच संधी.

कपाटात हाऊजीचा संच असेल तर मोठ्या यादीसाठी तोच बरा. एक ते नव्वद आकडे, पिशवीत हात घालायचा आणि वहीतला तो क्रमांक बघायचा. "कधीतरी बघू" म्हणून लिहून ठेवलेले सिनेमे असेच बाहेर येतात. आमच्या वहीत एकसष्ट नावं होती. तीन शनिवार बरे गेले. चौथ्या शनिवारी निघालेला सिनेमा आमच्या कुठल्याच ॲपवर नव्हता, पुढचा तीन तास दहा मिनिटांचा निघाला आणि तोवर पावणेअकरा झाले होते. यादीत नाव घालतानाच सिनेमा कुठे मिळतो आणि किती लांब आहे ते लिहायला हवं. एवढी शिस्त आमच्यात नाही.

मुळात यादी जेवढी मोठी तेवढा माणूस अडतो, असं म्हणतात. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांचा २००० सालचा प्रयोग त्यासाठी नेहमी सांगितला जातो. दुकानातल्या टेबलावर २४ प्रकारचे जॅम ठेवले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी खरेदी केली, सहाच ठेवले तेव्हा ३० टक्क्यांनी. पुढे २०१० मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले तेव्हा परिणाम सरासरीने जवळजवळ शून्य निघाला. म्हणून मी जॅमची गोष्ट कुणाला ठासून सांगत नाही. आमच्या सोफ्यावरचा अनुभव मात्र जॅमच्या बाजूने आहे.

मोबाइलवरचं रंगीत चाक लेकीचं लाडकं. नावं टाकली, बोट लावलं की टकटक करत फिरतं, शेवटी हळू होतं आणि सगळे श्वास रोखून बघतात. पाहुणे असतील तर याच्याइतकी मजा कशातच नाही. पण पुन्हा फिरवायला काहीच पडत नाही, त्यामुळे "हे ट्रायल होतं" हे वाक्य आमच्याकडे दर शनिवारी ऐकू यायचं.

त्याहून मोठी खोट मला उशिरा कळली. चाकाला मागचा शनिवार आठवत नाही. आम्ही चौघांची नावं टाकायचो. ज्याचं नाव येईल त्याने सिनेमा निवडायचा. सलग आठ आठवडे सासूबाईंचं नाव आलं नाही. "तुमच्या मोबाइलला माझं वावडं आहे," त्या म्हणाल्या. लेकीला वाटलं चाकच बिघडलंय, म्हणून तिने गणित मांडलं. चार नावं आणि आठ शनिवार धरले तर एका ठरावीक माणसाचं नाव एकदाही न येण्याची शक्यता १० टक्के. आणि चौघांपैकी कुणीतरी कोरडं राहण्याची शक्यता ३८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चाक ठणठणीत होतं, आणि सासूबाईंचा रागही रास्तच होता.

तोडगा त्यांनीच काढला, आणि तो घरातच होता. पंचवटीतल्या मैत्रिणींबरोबर त्यांची बारा जणींची भिशी आहे. भिशीत एकदा नंबर लागला की त्या बाईची चिठ्ठी पुन्हा डब्यात जात नाही. आधी कुणाचा, नंतर कुणाचा हे नशीब ठरवतं. प्रत्येकीला मिळणार हे मात्र पक्कं. आम्ही तोच नियम उचलला. प्रत्येकाने एका सिनेमाचं नाव लिहून चिठ्ठी टाकायची, चार शनिवारांत चारही निघणार, मग नवी फेरी. चिठ्ठी टाकतानाच सिनेमा कुठे लागतो ते बघायचं आणि दोन तासांच्या वरचा असेल तर जेवण आठलाच. फेरीत प्रत्येकाला एकदा "आज नको" म्हणता येतं. मग ती चिठ्ठी परत डब्यात आणि दुसरी काढायची.

चिठ्ठ्या करताना थोडं जपा. सगळ्या एकाच कागदाच्या हव्यात. आम्ही जुन्या कॅलेंडरचं पान कापतो. घड्या दोनच आणि सारख्या, कारण लेक आपली चिठ्ठी बारीक पुडीसारखी वळायची आणि काढताना तिची बोटं बरोबर तिथेच जायची. आणि चहाचा रिकामा डबा झाकण लावून खडखडून हलवा. हे गमतीत सांगत नाही. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत व्हिएतनाम युद्धासाठी मुलांना सक्तीने सैन्यात घ्यायला जन्मतारखांची सोडत काढली तेव्हा ३६६ कॅप्सूल महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट मिसळल्या नव्हत्या. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचे नंबर जास्त लवकर लागले. तिथे जिवाचा प्रश्न होता, आमच्याकडे फक्त सिनेमाचा, पण डबा न हलवण्याची चूक तीच.

"ॲपच सुचवतं की" असं शेजारी म्हणतात. ते सुचवणं म्हणजे चिठ्ठी नव्हे. नेटफ्लिक्सने २०२१ मध्ये असंच एक बटण आणलं होतं. दाबलं की आपोआप काहीतरी सुरू व्हायचं, पण ते तुमच्या आधीच्या बघण्यावरून निवडलेलं. २०२३ मध्ये ते काढूनही टाकलं. आमच्या टीव्हीवर लेकीच्या आवडीचं इतकं साचलंय की ॲप सासूबाईंना कोरियन मालिका सुचवतं.

थिएटरला जायचं असेल तर मात्र यातलं काही नको. कॉलेज रोडला पार्किंगसाठी दोन चकरा मारून, चार तिकिटांचे पैसे भरून नशिबाने मिळालेला सिनेमा बघायची आमची तयारी नाही. तिथे परीक्षणं वाचून, वेळ बघून ठरवतो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये आपला पहिला चित्रपट आणला तेव्हा देशी चित्रपटांत "कोणता?" हा प्रश्नच नव्हता. जायचं की नाही एवढंच, आणि त्याला नाणं पुरतं.

तर दोघांसाठी नाणं, पाहुण्यांसाठी चाक, वहीतली यादी उपसायला सोंगट्या किंवा फासे, आणि दर आठवड्याला तीच माणसं असतील तर भिशीच्या नियमाने चिठ्ठ्या. आमची ही पाचवी फेरी चालू आहे. या शनिवारी डब्यात एकच चिठ्ठी उरलीय, सासूबाईंची. काढायची गरजच नाही, असं लेक म्हणाली. त्यांनी डबा तिच्या हातात दिला. "असू दे. हलव आधी."