जुन्या नावाचा टीव्ही घ्यावा की नव्या कंपनीचा? माझं गाडं रिमोटवर अडलं

दर वर्षी चवथीच्या आधी कुणी ना कुणी विचारतंच, ऑफर लागलीय, जुन्या नामांकित ब्रँडचा तीन हजारांनी स्वस्त पडतोय, घेऊ का? म्हणून एकदाच लिहून ठेवतो. आमच्याकडे दोन्ही आहेत. डिचोलीला आई-बाबांकडे आहे त्यावर एक फार जुनं परदेशी नाव आहे, आणि म्हापशाच्या फ्लॅटवर आहे तो अशा कंपनीचा जिचं नाव पंधरा वर्षांपूर्वी कुणी ऐकलंही नव्हतं. दोन्ही 43 इंची, दोन्ही मीच घेतलेले. नावं मुद्दाम देत नाही, आणि खाली ज्या कंपन्या येतील त्यातलं डिचोलीवाल्याचं नाव नाही, उगाच अंदाज लावू नका. पॅनल, रॅम, डॉल्बी वगैरे तुम्ही बघालच, त्यात मी पडत नाही.

आधी हे जुनं नाव आपल्याकडे एवढं का चालतं ते सांगतो. 1961 च्या आधी गोव्यात परदेशी माल सहज यायचा, मुक्तीनंतर ते आटलं, मग गल्फवाले सुरू झाले. कुवेत-बाहरीनहून आलेला मामाचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र, ज्याने बघितलाय त्याला जर्मन किंवा जपानी नाव म्हटलं की पुढे काही विचारायचं राहतच नाही. बाबांनी खोक्यावरचं नाव वाचलं आणि ‘हाच घे’ म्हणाले, किंमत त्यांनी घरी आल्यावर विचारली.

पण ते नाव असतं भाड्याचं. कोडॅक म्हणजे आपल्या लेखी फोटोचा रोल, 2012 मध्ये त्या कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि 2016 पासून भारतात कोडॅक टीव्ही मिळतो तो नोएडाची एक कंपनी लायसन्स घेऊन बनवते. 2018 ला थॉमसन आला, नाव फ्रान्सचं, तोही तीच कंपनी बनवते. 2021 ला ब्लाऊपुंक्ट, नाव जर्मनीचं, तोही तीच. म्हणजे रात्री दोन वाजेपर्यंत कोडॅक बरा की थॉमसन यावर डोकं खाजवणारे आपण एकाच घरातल्या दोन भावांची पत्रिका जुळवत असतो. ब्लाऊपुंक्टची गोष्ट मला जरा लागते. 1924 साली बर्लिनला हेडफोन बनवणारी कंपनी होती, तपासून ठीक निघालेल्या हेडफोनवर निळा ठिपका लावायचे, गिऱ्हाईक येऊन निळा ठिपकाच मागायला लागलं आणि शेवटी तेच कंपनीचं नाव झालं. कुणीतरी हातात घेऊन तपासलंय एवढाच त्या ठिपक्याचा अर्थ होता.

लायसन्स म्हणजे फसवणूक असं मी म्हणत नाही हां. 2017 पासून आलेले नोकियाचे फोन एचएमडी नावाची कंपनी काढायची, ती पण फिनलंडचीच आणि त्यात जुने नोकियावाले बरेच, तिथे नावाला थोडी नाळ होती. पण 2019 च्या डिसेंबरला नोकियाचा टीव्ही आला तो फ्लिपकार्टने नाव घेऊन काढलेला. तसं नोकियाने 1865 मध्ये लाकडाच्या लगद्यापासून सुरुवात करून पुढे रबरी बुटं पण विकली, तेव्हा टीव्हीचं काय घेऊन बसायचं, असं कुणी म्हणेल तर माझ्याकडे उत्तर नाही. बजाजने 2020 ला चेतक विजेवर आणली ते वेगळं, नावही घरचं आणि स्कूटरही घरची, तिला मी या हिशोबात धरत नाही.

आता रिमोट. डिचोलीवाल्याचा रिमोट तिसऱ्या पावसाळ्यात गेला. आपल्याकडे जून-जुलैत स्प्रिंगला हिरवा गंज चढतोच, त्यात कंपनीचा काही दोष नाही, कुठल्याही रिमोटचं हे होतं. शुक्रवारी म्हापसा बाजारात गेलो, जिथे रिमोट माळेसारखे टांगलेले असतात त्या माणसाला नाव सांगितलं तर त्याने विचारलं, ‘कुठल्या वर्साचो?’ मी म्हटलं वर्षाचा काय संबंध. त्याने एकाच लोगोचे तीन वेगवेगळे रिमोट काढून पुढ्यात ठेवले, ‘नांव तेंच, कंपनी बदल्ल्या.’ दोन घरी आणून बघितले, एकाचा नुसता आवाज कमी-जास्त व्हायचा, दुसऱ्याने तेवढंही नाही. टीव्हीमागच्या स्टिकरवरचा कस्टमर केअर नंबर बंद. मग त्या ब्रँडच्या वेबसाईटवरचा शोधून लावला तर तिथली मुलगी अगदी गोड बोलली, सिरीयल नंबर घेतला आणि म्हणाली सर हा सेट आमचा नाहीये. समोर पुढच्या पट्टीवर नाव चमकतंय आणि फोनवर त्याच नावाची माणसं सांगतायत की आमचा नाही, कारण लायसन्स मधल्या काळात एकाकडून दुसऱ्याकडे गेलं होतं आणि पहिल्याने माल विकून दुकान गुंडाळलेलं. मोबाईलवरून ॲपने चालवा म्हणून सल्ला मिळतो, पण त्याला वायफाय लागतं, डिचोलीला लाईट गेली की राऊटर परत सुरू होईपर्यंत आई मोबाईल घेऊन उभी, आणि ती सत्तरीची. शेवटी सगळ्या टीव्हींना चालतो म्हणतात तसला रिमोट घेतला आणि कामाच्या चार बटणांवर बायकोचं नेलपॉलिश लावून दिलं. तरी आठवड्यातून एकदा फोन येतोच, ‘टीव्ही परत निळो जालो रे.’ मी म्हापशाहून सांगतो कुठलं लाल बटण.

बाकी खरं सांगायचं तर चित्र डिचोलीवाल्याचंच जास्त छान आहे, निदान माझ्या डोळ्याला, दुपारी खिडकी उघडी असली तरी क्रिकेट नीट दिसतं. आवाजही भरीव. फ्लॅटवरच्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातल्यासारखा येतो आणि चालू केला की आधी जाहिराती दाखवतो, त्याचा राग येतोच. पण त्याचा रिमोट मुलाने पाण्याच्या बादलीत टाकला तेव्हा दुसरा त्याच संध्याकाळी घराखालच्या दुकानात मिळाला, ओरिजनल. मागे आणि पुढे एकच नाव आहे, ते बुडालं तर दोन्हीकडून बुडेल, पण तोवर फोन कुणाला लावायचा ते तरी माहीत आहे.

कदाचित माझं नशीब वाईट असेल, एका सेटवरून सगळ्यांना मोजू नये हेही मान्य. दुसऱ्या बेडरूमला, भाड्याच्या घराला, दोन-तीन वर्षांपुरता हवा असेल तर जुन्या नावाचा खुशाल घ्या, पैसे वाचतात. म्हाताऱ्या माणसांच्या घरात ठेवायचा असेल तर मी तरी नाही घेणार. घेतलाच तर दुकानात खोकं उलटं करून ‘निर्माता’ म्हणून बारीक अक्षरात कोण लिहिलाय ते वाचा, तिथला नंबर तिथल्या तिथे लावून बघा, दुकानातला पोरगा हसला तर हसू दे.

गेल्या चवथीला फोंड्याच्या बहिणीने हे सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी जुन्या नावाचाच घेतला, चित्र आवडलं म्हणून. मी फक्त दोन जादा रिमोट त्याच वेळी घ्यायला लावले. एक तिने वापरायला काढलाय, दुसरा अजून प्लास्टिकमध्ये तांदळाच्या डब्यात आहे.