गृहकर्जाचा हप्ता झेपत नाही: मुदत वाढवावी, लहान घर घ्यावं की फ्लॅट विकावा?

आधी एक ठरवा: अडचण सहा-आठ महिन्यांची आहे की उत्पन्न कायमचं घटलंय? नोकरीतला खंड आणि निवृत्ती यांना एकच उपाय लागू पडत नाही.

समजा 40 लाख कर्ज आणि 15 वर्षं बाकी आहेत, दर 9 टक्के.

| पर्याय | हप्ता | पुढचं एकूण व्याज |
|---|---|---|
| आहे तसंच | ₹40,571 | 33 लाख |
| मुदत 25 वर्षं | ₹33,568 | 60.7 लाख |
| दर 8 टक्के, मुदत तीच | ₹38,226 | 28.8 लाख |

मुदत वाढवली की महिन्याला सात हजार सुटतात, पण व्याज जवळपास 28 लाखांनी वाढतं. म्हणून हा उपाय तात्पुरत्या अडचणीपुरताच. हात मोकळा झाला की हप्ता पुन्हा वाढवून घ्या किंवा मधूनमधून जादा रक्कम भरा. फ्लोटिंग (म्हणजे बदलत्या) दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर त्याचा दंड लागत नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांना मात्र ही वाट बहुधा बंद असते, कारण बँका निवृत्तीच्या वयापलीकडे सहसा मुदत नेत नाहीत.

दर कमी करून घेणं अनेकांच्या लक्षातच येत नाही. बँकेचं कर्ज ऑक्टोबर 2019 च्या आधीचं असेल तर ते अजून एमसीएलआरवर किंवा बेस रेटवर, म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेल्या जुन्या पद्धतीच्या दरावर असू शकतं. शाखेत लेखी अर्ज द्या, शुल्क भरून रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्याशी) जोडलेला दर मिळतो. नाहीच जमलं तर बॅलन्स ट्रान्सफर, म्हणजे कर्ज दुसऱ्या बँकेत हलवणं. त्यात प्रोसेसिंग फी, सर्च रिपोर्ट (मालकीहक्काची तपासणी), नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सरकारी नोंद) असा खर्च येतो. शेवटची चार-पाच वर्षं उरली असतील तर तो क्वचितच वसूल होतो. हप्ते थकल्यावर दुसरी बँक दारात उभं करत नाही, तेव्हा हे आधीच करा.

उत्पन्न कायमचं घटलं असेल तर लहान घराचा हिशेब मांडा. पुण्यातला 95 लाखांचा फ्लॅट विकला, कर्ज आणि एक टक्का दलाली वजा जाता हातात 54 लाख. 55 लाखांचं घर घ्यायचं तर 7 टक्के मुद्रांक शुल्क 3.85 लाख, नोंदणी 30 हजार, दलाली 55 हजार. म्हणजे साडेपाच लाखांच्या वर कमी पडतात. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतल्यास शुल्क एक टक्का कमी. विक्रीनंतर दोन वर्षांत घर घेतलं तर दीर्घकालीन भांडवली नफ्यावरची सवलत मिळते, त्यामुळे नफा मोठा असेल तर भाड्याच्या घरात जाण्यापेक्षा हे बरं.

कर्ज असलेला फ्लॅट विकता येतो, फक्त क्रम चुकवू नका. बँकेकडून फोरक्लोजर स्टेटमेंट (कर्ज पूर्ण फेडायला लागणाऱ्या रकमेचा कागद) आणि जमा कागदपत्रांची यादी घ्या. मग नोंदणीकृत करार करा. खरेदीदाराची बँक तुमच्या कर्जाची रक्कम थेट तुमच्या बँकेला देते. व्यवहार इथेच रखडतो: फोरक्लोजरच्या आकड्यावर रोज व्याज चढतं, ठरलेली तारीख उलटली की चेक थोडक्यात कमी पडतो आणि पुन्हा नवं स्टेटमेंट. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर (सभासदत्वाच्या दाखल्यावर) जुन्या मालकाचं नाव राहिलेलं असणं हाही नेहमीचा अडथळा. तो जाहिरात देण्याआधीच सोसायटीत जाऊन दूर करा. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागदपत्रं देणं बँकेला बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ₹5,000 भरपाई मिळते. घराचा ताबा घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत विकलं तर मुद्दलाच्या परतफेडीवर घेतलेली आयकरातली 80सी ची वजावट परत उत्पन्नात धरली जाते, हेही हिशेबात घ्या.

हे सगळं 90 दिवसांची थकबाकी होण्याआधी. त्यानंतर खातं एनपीए (बुडीत वर्गात) होतं, सरफेसी कायद्याखाली (बँकांना गहाण मालमत्ता विकून वसुली करू देणारा कायदा) 60 दिवसांची नोटीस येते आणि मग विक्री बँकेच्या हातात जाते. लिलावात भाव सहसा बाजारापेक्षा कमीच येतो, आणि रक्कम अपुरी पडली तर उरलेलं कर्ज तुमच्याच डोक्यावर राहतं. एकरकमी तडजोड केली तरी क्रेडिट रिपोर्टवर ‘सेटल्ड’ (पूर्ण फेड न करता मिटवलेलं) असा शेरा राहतो आणि पुढचं कर्ज मिळणं अवघड होतं.