‘सडन’ की ‘अब्रप्ट’?

मराठीतील ‘अचानक’ इंग्रजीत नेताना ‘सडन’ आणि ‘अब्रप्ट’ हे दोन्ही शब्द हाताशी येतात, आणि कोशात दोहोंपुढे जवळपास एकच अर्थ दिसत असल्याने एकाच्या जागी दुसरा चालून जाईल असे वाटते. पुष्कळदा तो चालत नाही, आणि याचे कारण त्यांच्या मुळांतच सापडते.

‘सडन’च्या मागे लॅटिनमधील ‘सुबिरे’ हे क्रियापद आहे. नकळत, चोरपावलांनी येणे ही त्याची एक छटा. म्हणून हा शब्द पाहणाऱ्याच्या बाजूने बोलतो: त्याला कल्पना नव्हती, एवढेच तो सांगतो. आपला ‘अवचित’ त्याच्या बराच जवळचा आहे. आनंद, पाऊस, आठवण, मृत्यू यांपैकी कशालाही तो लागू पडतो.

‘अब्रप्ट’ मात्र ‘रुम्पेरे’, म्हणजे तोडणे, या क्रियापदापासून आला आहे. ‘इंटरप्ट’ आणि ‘रप्चर’ ही त्याचीच भावंडे. येथे आधी काहीतरी सलग चालू असावे लागते आणि ते मध्येच तुटावे लागते. शांततेत उमटलेल्या आवाजाला ‘सडन’ शोभते; रंगात आलेले संभाषण एका वाक्यावर थांबले, तर ते ‘अब्रप्ट’. मराठी माणसाला ही छटा परकी वाटू नये, कारण आपणही सरळसोट उतरणाऱ्या कड्याला तुटलेला कडा म्हणतो आणि रुक्ष, आखडत्या उत्तराला तुटक उत्तर म्हणतो; इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी ‘अब्रप्ट’च येतो आणि ‘सडन’ कामाचा राहत नाही. हे साम्य मला फार मोलाचे वाटते, कारण शंकेच्या वेळी ‘तुटणे’ लावून पाहिले की बहुतेक वेळा निर्णय होतो.

वेगाचा निकष मात्र फसवा आहे. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी ‘यंगर ड्रायस’ हा थंड काळ संपला, तेव्हा ग्रीनलंडमधील तापमानवाढीला काही दशके लागली, तरी हवामानशास्त्रज्ञ तिला ‘अब्रप्ट’ म्हणतात, कारण आधीची स्थिती तेथे खंडित झाली.

औषधांच्या सूचनांत हा फरक जिवाशी येतो. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स ‘अब्रप्टली’ थांबवू नयेत असे सांगितले जाते, कारण बाहेरून मिळणाऱ्या संप्रेरकामुळे शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते आणि ती पूर्ववत होण्यास वेळ लागतो. ही सूचना मराठीत आणताना नुसते ‘अचानक’ पुरत नाही. मात्रा टप्प्याटप्प्याने न उतरवता एकदम तोडू नये, असे स्पष्ट लिहावे.

राजीनाम्याला दोन्ही विशेषणे लागतात. कोणालाच चाहूल नव्हती असे म्हणायचे असेल तर ‘सडन’ घ्यावा. हातातले काम अर्धवट टाकून, कारण न देता माणूस निघून गेला असेल तर ‘अब्रप्ट’. ‘तडकाफडकी’ हा आपला शब्द या दुसऱ्या अर्थाकडेच झुकतो.