वखारीतलं जळण, चेनसॉ आणि मागच्या अंगणातली खोप : वर्षभर वापरून लिहितेय

आधीच सांगते, हा एका वस्तूचा रिव्ह्यू नाही. घरी जळण साठवायचं म्हटलं की वखारवाला, मशीनवाला, फॅब्रिकेटर असे सगळे एकामागोमाग आयुष्यात येतात आणि सगळ्यांबद्दल बोलायचं असतं, म्हणून एकत्रच लिहिते. नावं कुणाचीच घालत नाहीये, उगाच वाद नकोत, आणि खरं सांगायचं तर आजही त्यांच्याकडेच जावं लागतं.

आम्ही पुण्यात किरकटवाडीला राहतो, बैठं घर, मागे मोकळी जागा. सासूबाई ७६ वर्षांच्या, कोकणातल्या, आणि त्यांना अंघोळीला बंबाचंच पाणी लागतं. गिझर आहे की घरात, चालतो पण. पण "त्या पाण्याला चटका असतो गं, ऊब नसते" असं त्यांचं म्हणणं, आणि या वयात कोण वाद घालणार. बंब त्यांच्या लग्नातला, तांब्याचा, बुडाशी गळायला लागला होता तो कसब्यातल्या तांबट आळीत नेऊन डाग देऊन आणला. त्या माणसाने बंब हातात घेऊन उलटा केला, बोटाने एकदा टणटण वाजवला आणि म्हणाला, "असा पत्रा आता कोण वापरत नाही, विकू नका." झालं, सासूबाईंना अजून बळ आलं.

रोज सकाळी साधारण अडीच-तीन किलो लाकूड लागतं, चौघांच्या अंघोळी. म्हणजे वर्षाला टनभर. आधी पोत्याने आणायचो, पावसाळ्यात ते ओलं मिळायचं, न्हाणीघराच्या मागे नुसता धूर आणि शेजारच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे. म्हणून गेल्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, ठरवलं की एकदाच टनभर घ्यायचं, घरीच कापायचं, फोडायचं, वाळवायचं आणि नीट रचून ठेवायचं.

वखार. टिंबर मार्केटपासून सुरू करून चार ठिकाणी फिरले, शेवटी शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका वखारीत सौदा झाला. नऊ रुपये किलो, "सगळी बाभूळ, सगळी सुकी, ताई बिनधास्त घ्या". वर रचलेली बाभूळ खरंच छान होती. मी काट्यावर उभी राहून वजन बघितलं, पावती घेतली, स्वतःला फार हुशार समजले. पिकअप घरी येऊन रिकामी झाली तेव्हा कळलं की वरचे दोन थर बाभूळ, खाली गुलमोहर, त्याच्याखाली कुठल्यातरी वाड्याच्या पाडकामातल्या पट्ट्या आणि चक्क सनमायका लागलेले प्लायचे तुकडे. ते प्लाय जाळू नका हं, त्यातल्या गोंदाचा आणि रंगाचा धूर वाईट असतो, मी सरळ भंगारात दिलं.

पण खरी गोम भेसळीत नाही, पाण्यात आहे. लाकूड वजनावर विकतात आणि ओल्या लाकडात पाणी असतं, म्हणजे आपण पाणी नऊ रुपये किलोने विकत घेतो. साधा हिशोब बघा. टनभर लाकडात ४० टक्के पाणी असेल तर कोरडं लाकूड फक्त ६०० किलो. ते वाळून पाणी २० टक्क्यांवर आलं की एकूण वजन उरतं ७५० किलो. अडीचशे किलो हवेत उडाले, म्हणजे सव्वादोन हजार रुपये. आणि न वाळवता तसंच जाळलं तर आधी ते पाणी उकळून घालवण्यात जळण संपतं, मग उरलं तर आपलं पाणी तापतं.

मी मॉइश्चर मीटर मागवला, दोन सुयांचा. घेतलात तर दोन गोष्टी लक्षात ठेवा, त्या डब्यावर नीट लिहिलेल्या नसतात. एक, सुया बाहेरून टोचू नका, ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा, बाहेरून सगळंच सुकं दिसतं. दोन, हे मीटर पाण्याचं प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाशी काढून दाखवतं, एकूण वजनाशी नाही, त्यामुळे मीटरवर २५ दिसलं तर एकूण वजनाच्या हिशोबात ते २० टक्के असतं. तिशीच्या वर गेलं की आकडा फारसा धरू नये, ओलं आहे एवढंच समजायचं. माझ्याकडे ४० च्या वर गेला होता. सासूबाईंना दाखवलं तर त्यांनी दोन फाळक्या (ओंडका फोडून केलेली लाकडं) उचलल्या, एकमेकींवर आपटल्या, ठप्प आवाज आला. "ओलं आहे. सुकं खण्ण वाजतं. याला मशीन कशाला?" मीटरचे साडेआठशे गेले ते गेले.

वखारीला पाचपैकी अडीच. बाभूळ जेवढी होती तेवढी एक नंबर, निखारा धरून ठेवते, सकाळी सहाला पेटवली की नऊपर्यंत बंब गरम. गुलमोहर म्हणजे कागद जाळल्यासारखं, भुर्रकन.

चेनसॉ, म्हणजे दातांची साखळी फिरवून लाकूड कापणारी मशीन. बोहरी आळीत घेतली, विजेवर चालणारी, १६ इंची, २००० वॅटची. काउंटरवरच्या काकांनी आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे दाराकडे बघितलं. "मिस्टर गाडी लावतायत का?" मी म्हटलं मिस्टर ऑफिसला आहेत, मशीन मी चालवणार आहे. मग मात्र त्यांनी फार नीट दाखवलं, चेन किती ताणायची ते सुद्धा. खालून चेन ओढली की बारपासून (ज्या लांब पट्टीवर चेन फिरते ती) जराशी सुटली पाहिजे, सोडली की पट्कन परत बसली पाहिजे, आणि हाताने (ग्लोव्ह घालून, प्लग काढून!) सरकवता आली पाहिजे. फार घट्ट नाही, लोंबती तर अजिबात नाही. नवी चेन पहिल्या दहा मिनिटांतच सैल पडते, थांबून परत ताणावी लागते.

पेट्रोलची का नाही घेतली? घराच्या पाच फुटांवर सगळं काम, शेजार चिकटून, पेट्रोलवालीचा आवाज म्हणजे अख्खी गल्ली दारात. विजेवालीचाही आवाज येतोच पण बटण सोडलं की शांत. आणि टनभर लाकडासाठी ही पुरते. ज्यांना शेतावर दहा-वीस टन कापायचंय त्यांनी ही घेऊ नये.

आता माझा घोळ. पहिल्या दिवशी घरातली टीव्हीची एक्स्टेन्शन लावली, तीही अर्धी गुंडाळलेली. २००० वॅट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, आणि ती बिचारी बारीक वायरची. वीस मिनिटांत जळका वास आला, बघते तर बोर्डाचं प्लास्टिक मऊ होऊन प्लग त्यात रुतलेला. इलेक्ट्रिशियनने शिव्या घातल्या नाहीत एवढंच. आता २.५ स्क्वेअर एमएमची केबल, मोठा पॉवर प्लग, आणि पूर्ण उलगडून वापरते.

दुसरा घोळ त्या वाड्याच्या पट्ट्यांचा. सागवान होतं, मोह झाला, आणि आत खिळा. एक ठिणगी उडाली आणि त्यानंतर मशीन कापायच्या ऐवजी घासायला लागली. ओळखायचं कसं? धारदार चेन जाडसर ढलप्या उडवते, बोथट झाली की मैद्यासारखा बारीक भुसा पडतो आणि लाकडाला काळपट डाग येतो. गोल कानशीने दात घासून धार काढता येते, माझ्या चेनला ४ मिलीमीटरची लागते, यूट्यूबवर बघून शिकले, सगळे दात करायला पाऊण तास गेला. जुन्या वाड्याचं लाकूड मशीनखाली घालायच्या आधी सगळे खिळे काढा नाहीतर हातकरवत घ्या.

आणि प्लीज, बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नका, मशीन उलटी तोंडाकडे उसळते. माझं एकदा झालंय, मनगट दोन दिवस दुखत होतं, नशीब तेवढ्यावरच निभावलं. गॉगल आणि बूट घालायचेच, साडी-ओढणी अजिबात नाही, केस बांधून. लाकूड धरायला एक्सच्या आकाराची घोडी सुताराकडून करून घेतली, सगळ्या खर्चात सगळ्यात वसूल झालेली गोष्ट तीच. मशीनला चार स्टार, एक कमी कारण ठेवून दिली तरी बारचं तेल ठिबकतं, खाली पत्र्याचं झाकण ठेवावं लागतं.

फोडणं. इथे मशीन नाही. साधी कुऱ्हाड बाभळीत जाऊन बसते आणि निघता निघत नाही, मग आपण ओंडक्यासकट कुऱ्हाड आपटत बसतो. लोखंडी पाचर आणि घण आणा. एक-दोन ठोके हलके, पाचर उभी राहिली की मग जोरात, आणि भेगेच्या रेषेत मारा, गाठ असेल तिथे नको. बाभूळ ओली असतानाच फोडून टाका, वाळली की दगड होते. पंक्चरवाल्याकडून गाडीचं जुनं टायर आणलं, त्यात ओंडका उभा करून फोडायचा, फाळक्या इकडे तिकडे उडत नाहीत आणि सारखं वाकावं लागत नाही. फुकट. पाच स्टार टायरला.

शेड. फॅब्रिकेटर शेवटी घेतला, ही माझी चूक, त्याच्यापासून सुरुवात करायला हवी होती. आठ फूट लांब, तीन फूट खोल, पाच फूट उंच, खाली अँगलची जाळी जमिनीपासून नऊ इंच वर, मागे-पुढे उघडी, वर पत्रा पुढे दीड फूट काढलेला. दीड टनाच्या आसपास मावतं. ॲडव्हान्स मार्चमध्ये दिला, "एप्रिलएंडला फिट करून देतो मॅडम". एप्रिल गेला. मेमध्ये "पोरगा गावाला गेलाय". आणि २०२५ साली मान्सून २६ मेलाच पुण्यात हजर! एरवी आपण जून उजाडायची वाट बघतो. मी धावत जाऊन निळी ताडपत्री आणली आणि ढीग वरपासून खालपर्यंत गच्च गुंडाळला, विटा ठेवल्या, शाबासकी दिली स्वतःला.

तीन आठवड्यांनी उघडलं तर आत वाफ, हाताला कोमट लागत होती, आणि फाळक्यांवर पांढरी बुरशी कापसासारखी. जमिनीची ओल आत, लाकडाची ओल आत, बाहेर जायला वाटच नाही. सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "अगं वरून झाक, अंगरखा घालू नको त्याला." त्यांच्याकडे म्हणे खोपीला भिंतीच नसायच्या, पश्चिमेकडून पाऊस झोडपतो तिकडे फक्त झापं (नारळाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे) लावायची. शेड जूनच्या मध्यात आली, मग तसंच केलं, पश्चिमेला तेवढी ताडपत्री, बाकी वारा मोकळा.

मी दहा फाळक्यांवर खडूने नंबर घालून जानेवारीपासून वजन करत होते (हसा). तीन नंबर जानेवारीत ४ किलो २०० ग्रॅम, एप्रिलअखेर ३ किलो १००. ताडपत्रीच्या तीन आठवड्यांत परत ३ किलो ४००. पैसे देऊन वाळवलेलं मी स्वतः भिजवलं. सप्टेंबर संपेपर्यंत ते तसंच रेंगाळलं, ऑक्टोबर हीटने सुटलं.

शेडचं काम मजबूत आहे, वेल्डिंग साफ, रंगाचे दोन हात. वेळेचे शून्य. तीन स्टार. पन्हळ लावायचा राहिलाय, फोन उचलला जात नाही.

शेड घराच्या भिंतीला चिकटवू नका, मी दहा फूट लांब ठेवली. वाळवी आणि विंचू दोन्ही लाकडातून घरात येतात. ऑगस्टमध्ये सालीखाली एक विंचू निघाला, बोटाएवढा, त्या दिवसापासून ग्लोव्ह घातल्याशिवाय आणि फाळकी पायाने हलवून बघितल्याशिवाय उचलत नाही. खालची जागा झाडून मोकळी ठेवते, आपल्याकडे घोणस, मण्यार सगळं आहे, त्यांना अडगळ आवडते.

आणखी एक, किरकटवाडी २०२१ मध्ये महापालिकेत आली, त्यामुळे अंगणातलं स्वतःचं झाड तोडायलाही परवानगी लागते. शेजारच्या काकांनी "तुमच्याकडे मशीन आहे, तेवढा आमचा आंबा काढून द्या" म्हटलं तेव्हा मी आधी अर्ज करा म्हणाले, ते रागावले, चालायचंच.

स्वस्त पडतं का, असं सगळे विचारतात. नाही. १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला विजेचे जवळजवळ तीन युनिट लागतात, आणि माझं तीन किलो लाकूड २७ रुपयांचं. म्हणजे गिझरएवढंच, वर मशीन, शेड, माझी कंबर वेगळी. ज्यांच्या घरी बंबाचा हट्ट नाही त्यांनी या भानगडीत पडू नये.

यंदा जानेवारीत परत त्याच वखारीत गेले, कारण बाकीचे तिघे त्याहून वाईट. या वेळी मीटर पर्समध्ये होता. मालकांनी लांबूनच बघितलं, "ताई, ते टोचायचं मशीन आणलंय वाटतं आज?" मी म्हटलं आणलंय, आणि दोन फाळक्या उचलून एकमेकींवर वाजवल्या, खण्ण. ते हसले, पोऱ्याला हाक मारली, "अरे, यांना मागच्या बाजूचं भर, पुढचं नको."