आरटीजीएसचा स्क्रीनशॉट बघून फाईल सोडू नका

कोल्हापुरात डिझाईनची कामं घेणाऱ्यांनी हे वाचाच. कांदा-लसूण मसाल्याचे पाऊच आणि लोगो, ठरले ६२,००० रुपये. ॲडव्हान्स १५,००० आला, उरलेले ४७,००० बुडाले.

बाकी जमा झाल्याशिवाय ओपन फाईल (छपाईला लागणारी, बदल करता येणारी मूळ फाईल) मिळणार नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाईकाचा फोन. "भावा, उद्यमनगरात प्रेसवाला मशीन थांबवून बसलाय. पैसं काय पळून जात्यात व्हय?" पाठोपाठ व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट: आरटीजीएस (मोठ्या रकमा बँकेतून बँकेत लगेच पाठवायची सोय), ४०,८०० रुपये, सक्सेसफुल. म्हणजे ६२,००० वरचा १० टक्के टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायचा आयकर), ६,२०० रुपये, बाकीच्या ४७,००० मधून कापून बरोब्बर. टीडीएस कापणाऱ्यावर कोण संशय घेईल, सांगा! जमा का दिसत नाही विचारलं तर म्हणे, शनिवार आहे, सोमवारी दिसेल.

अरे, आरटीजीएस २ लाखांच्या खाली होतच नाही! आणि डिसेंबर २०२० पासून ते चोवीस तास चालतं, त्याला शनिवार-रविवार नाही. दोन्ही थापा डोळ्यांसमोर होत्या. पण इकडे गिऱ्हाईकाचा तगादा, तिकडे प्रेसवाल्याचे मिस्ड कॉल, त्यात बँकेचे नियम कुणाला आठवतात? फाईल सोडून दिली. यूटीआर नंबर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला बँक देते तो क्रमांक, मागा. खरं तर तोही नको, आपलं खातं बघा. टीडीएसही भरलेला नाही, २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर भरलेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या उताऱ्यात, एक रुपया दिसत नाही.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, "हा तुमचा देण्याघेण्याचा वाद, कोर्टात जावा." बनावट पावती दाखवून काम उचललं, ही फसवणूक नव्हे? सायबर हेल्पलाइनवाल्यांचा प्रश्न, तुमच्या खात्यातून पैसे गेलेत का? गेले नाहीत हो, आलेच नाहीत! मग तक्रार बसत नाही म्हणे. बँक ग्राहकाची माहिती देत नाही. चोराची गोपनीयता सगळ्यांना प्यारी.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा व्यवसाय म्हणून सरकारदरबारी नोंद, आजच करा, फुकट आहे. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर बँक रेटच्या (रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या दराच्या) तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण नोंदणी कामाआधीची हवी. घरून एकट्याने काम करणाऱ्याला हे कोण सांगतं?

महाद्वार रोडला ते पाऊच विकायला लागलेत, मिरचीच्या देठाला मी दिलेला बाक जसाच्या तसा. आता हाच माणूस गुळाच्या बॉक्ससाठी डिझायनर शोधतोय. निम्मे पैसे आधी घ्या आणि बाकी येईपर्यंत वॉटरमार्कची पीडीएफच दाखवा.