लातूरच्या गंजगोलाईजवळचं स्कॅनिंगचं दुकान: काम चांगलंय, पण पाठपोट सांगून घ्या

पाचपैकी साडेतीन. दीड स्टार कुठं कापला ते सांगते.

मोठी मावशी नर्स होती, ९३ च्या भूकंपानंतर महिनाभर किल्लारीकडं कॅम्पवर होती. तिथून आजीला उदगीरला पाठवलेली पत्रं, एक वही, सुटे कागद असं सगळं आईनं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं, या पावसाळ्यात डबा खालून गंजला तेव्हा आम्हाला जाग आली. त्यात मी नेमकं हिल्डा क्लार्कबद्दल वाचत होते. ही इंग्लंडची क्वेकर डॉक्टर, क्लार्क्स बूटवाल्यांच्या घरातली. क्वेकर म्हणजे ख्रिश्चनांतला एक पंथ, लढाईला कायम विरोध पण लढाईत होरपळलेल्यांच्या मदतीला सगळ्यात पुढं, १९४७ चं शांततेचं नोबेल त्यांच्या ब्रिटिश आणि अमेरिकन मदत संस्थांना मिळालंय. तर ही बाई १९१९ ला व्हिएन्नाला गेली, महायुद्ध नुकतंच संपलेलं, लेकरं दुधावाचून वाळलेली. यांनी बाहेरून गाई विकत आणून शेतकऱ्यांना दिल्या आणि त्यांच्याकडून पैशाऐवजी लेकरांसाठी दूध घेतलं. आपल्याकडं म्हैस घेऊन डेअरीला दूध घालून हप्ते फेडतात, तसंच की! तिचे कागद लंडनला क्वेकरांच्या लायब्ररीत आहेत, घरच्यांचे त्यांच्याच स्ट्रीट नावाच्या गावात एका ट्रस्टकडं, आणि आमचे बिस्किटाच्या डब्यात. म्हणून उठले आणि गेले दुकानात.

मालक बोलायला गोड. डबा बघून म्हणाले, "काय करलालाव ताई एवढ्या कागदाचं? लॅमिनेशन मारून देतो, शंभर वर्षं हलत नाय." नको म्हणलं. लॅमिनेशन एकदा मारलं की कागद परत मोकळा निघत नाही, शाई बिघडली तर बिघडली. ऐकलं त्यांनी, हे चांगलं. पोरगा पण शहाणा, गंजलेल्या टाचण्या ओढल्या नाहीत, हळूच मागून वाकवून काढल्या, आणि जुने कागद मशीनमध्ये भराभर न ओढता काचेवर एकेक ठेवून सहाशे डीपीआयनं, म्हणजे बारीक अक्षरही स्पष्ट दिसेल असं, स्कॅन केले. निळी आंतर्देशीय पत्रं तर घडी उलगडून, आतबाहेर सगळी.

पण घरी येऊन पेनड्राइव्ह लावला तर सुट्या कागदांची फक्त पुढची बाजू! एका कागदावर पुढं "मी बरी आहे, काळजी करू नको" एवढ्या दोन ओळी, आणि खरा माल पाठीमागं. तिथं मावशीनं पेन्सिलीनं लेकरांची नावं लिहिलीत, प्रत्येकापुढं दूध पावडरचे किती डबे दिले ते, दोन नावांपुढं नुसती फुली. आईला विचारलं फुली कशाची, तर ती उठून चहा ठेवायला गेली. आणि पोरानं तेच पान कोरं समजून सोडलेलं. शिवाय फाइलींना नुसते नंबर, वहीची पानं पत्रांत मिसळलेली, एक अख्खा रविवार लावून मी लावल्या.

परत गेले तर वाद न घालता फुकटात करून दिलं, "आमचंच चुकलं ताई" म्हणाले, म्हणून साडेतीन, नाहीतर दोनच देणार होते. तुम्ही गेलात तर आधी कागदांवर पेन्सिलीनं बारीक नंबर टाकून न्या, "पाठपोट करा" असं दोनदा सांगा आणि पाकिटं पण स्कॅन करायला लावा, शिक्क्यावरची तारीख पत्रात नसते कधीकधी. संध्याकाळी जाऊ नका, फॉर्म भरणाऱ्या पोरांची गर्दी असते आणि गाडी लावायला जागा शून्य.